रोजचा हिशेब

(पैशाचा हिशेब आपण वहीत लिहून ठेवतो. पाणी, कचरा, कापड आणि वीज यांचा हिशेब मात्र सहसा कोणी लिहीत नाही. हा हिशेब कसा मांडावा आणि घरच्या घरी काटकसर कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमच्या घराजवळच्या किराणा दुकानात एक वही असते. कोणी काय नेले, किती पैसे दिले, किती बाकी राहिले, हे दुकानदार त्या वहीत लिहितो. महिनाअखेर तो जमा आणि खर्च ताडून पाहतो. जमेपेक्षा खर्च वाढला, तर तो सावध होतो. हिशेब, जमा, खर्च हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. ते तुमच्या उर्दूतही आहेत आणि आमच्या मराठीतही आहेत.

आज आपण अशाच एका वहीविषयी बोलणार आहोत. ही वही पैशाची नाही. ती पाण्याची, कचऱ्याची, कापडाची आणि विजेची आहे.

समजा, तुमचे घर लोहाऱ्याला आहे. लोहारा हे गाव यवतमाळ शहराला लागूनच आहे. तेथे औद्योगिक वसाहत आहे, कारखाने आहेत. आसपासच्या भागात काळी जमीन आणि कापसाची शेती आहे. सकाळी तुम्ही उठता. नळ सोडता, तोंड धुता. कोणी वजू करतो, कोणी आंघोळ करतो. आई चहा ठेवते, भाजी चिरते. देठे आणि साली बाजूला पडतात. तुम्ही दुकानातून दूध आणता. तासाभरात घरातून कितीतरी पाणी वाहून जाते. कितीतरी वस्तू कचऱ्यात जातात. तुम्ही ते कधी मोजले आहे का?

चला, आधी पाण्यापासून सुरुवात करू.

२०१८ सालचा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. त्याआधीच्या वर्षी पाऊस कमी पडला होता. शहराला पाणी देणाऱ्या निळोणा आणि चापडोह या जलाशयांनी तळ गाठला. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येईना. रस्त्यारस्त्यावर टँकर फिरू लागले. टँकर आला, की हंडे, बादल्या, पिंपे घेऊन सारे घर धावत असे. लहान मुले, म्हातारी माणसे, कोणीच त्यातून सुटले नाही. ज्यांच्याकडे पैसे होते, त्यांनी पाणी विकत घेतले. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांनी वाट पाहिली. त्या दिवसांत भाजी धुतलेले पाणी कोणी फेकत नव्हते. तेच पाणी फरशी पुसायला किंवा झाडाला वापरले जात होते. तेव्हा प्रत्येकाला पाण्याचा हिशेब तोंडपाठ होता!

पुढे चांगला पाऊस पडला. मोठ्या बेंबळा प्रकल्पातून शहरासाठी पाणी आणण्याचे कामही हाती घेण्यात आले. पण मित्रांनो, धरण मोठे असो की लहान, त्यात पाणी येते ते पावसाचेच. पाऊस कधी कमी पडेल, हे आपल्या हाती नाही. पडलेले पाणी कसे वापरायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

एक सोपा प्रयोग करा. घरातील किंवा शाळेतील गळणाऱ्या नळाखाली एक पेला ठेवा. घड्याळ पाहा. समजा, २०० मिलिलिटरचा पेला १५ मिनिटांत भरला. मग एका तासात ४ पेले भरतील आणि एका दिवसात ९६ पेले. म्हणजे दिवसाला १९ लिटर २०० मिलिलिटर पाणी गेले. जवळजवळ एक मोठी बादली! महिन्याला अशा ३० बादल्या आपण न वापरताच गटारात ओततो. नळाची चकती बदलायला फार खर्च येत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. पण थेंबाथेंबाने तळे रिकामेही होते, हे विसरू नका.

वजू करताना गरजेपेक्षा जास्त पाणी वापरू नये, अगदी वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरीही, ही शिकवण तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. जरा विचार करा. नदीला पाणी भरपूर आहे, मग काटकसर कशासाठी? कारण प्रश्न केवळ नदीच्या पाण्याचा नाही, तो माणसाच्या सवयीचाही आहे. भरपूर असताना जो जपून वापरतो, त्याला टंचाईच्या दिवसांत जड जात नाही. नळ सतत सोडून ठेवण्याऐवजी तांब्याने किंवा बदन्याने पाणी घेतले, तर थोड्या पाण्यात वजू होते. दात घासताना नळ बंद ठेवता येतो. भांडी धुतलेले पाणी परसातील झाडांच्या आळ्यात सोडता येते.

हा झाला खर्च. आता जमा पाहू. आपल्या छपरावर पाऊस पडतो. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. तुमच्या घराचे छप्पर ३० चौरस मीटर आहे, असे धरा. यवतमाळ भागात वर्षाला सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. गुणाकार करा. ३० गुणिले ९००, म्हणजे २७,००० लिटर! काही पाणी सांडेल, काही उडून जाईल, पहिल्या पावसाचे धुळकट पाणी सोडून द्यावे लागेल. तरीही २०,००० लिटर पाणी हाती लागू शकते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी घराला रोज ५० लिटर पाणी लागत असेल, तर हे पाणी ४०० दिवसांना पुरेल इतके आहे. एवढी मोठी टाकी प्रत्येकाच्या घरी असणार नाही, हे खरे. पण छपराला पन्हळ लावून ते पाणी पिंपात भरता येते. उरलेले पाणी गाळून विहिरीत सोडता येते किंवा खड्डा करून जमिनीत मुरवता येते. जमीन ही सर्वांत मोठी टाकी आहे आणि तिला भाडे द्यावे लागत नाही. साठवलेले पाणी प्यायचे असेल, तर ते गाळून आणि उकळून घ्यावे.

याच यवतमाळ जिल्ह्यातील पुसद भागाचे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात, १९९२ साली, जलसंधारणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. पाणी अडवणे आणि जिरवणे हे सरकारचे काम आहे, तसेच ते आपल्या अंगणाचेही काम आहे.

आता वहीचे दुसरे पान उघडू. हे पान कचऱ्याचे आहे.

घरातील कचऱ्याची टोपली एकदा नीट पाहा. तिच्यात काय काय असते? भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, शिळे अन्न, अंड्याची टरफले. हा झाला ओला कचरा. त्याच टोपलीत प्लॅस्टिकची पिशवी, कागद, काच, तुटलेला डबा असतो. हा झाला सुका कचरा. दोन्ही एकत्र केले, की दोन्ही निकामी होतात. ओल्या कचऱ्याने कागद भिजतो. प्लॅस्टिकमुळे ओल्या कचऱ्याचे खत होत नाही. ते वेगळे ठेवले, तर दोन्हींना किंमत येते.

ही किंमत ज्यांनी फार पूर्वी ओळखली, ते गृहस्थही पुसदचेच होते. त्यांचे नाव नारायण पांढरीपांडे. ते गांधीजींच्या विचारांचे शेतकरी होते. लोक त्यांना नाडेप काका म्हणत. त्यांच्या पूर्ण नावातील अक्षरांवरून त्यांच्या खत करण्याच्या पद्धतीला नाडेप पद्धत हे नाव मिळाले. आज भारतातील अनेक राज्यांत शेतकरी ही पद्धत वापरतात.

नाडेप काकांपुढे एक प्रश्न होता. शेताला शेणखत हवे, पण शेण पुरत नाही. बरेचसे शेण गोवऱ्या थापण्यात आणि जाळण्यात जाते. दुसरीकडे पालापाचोळा, काडीकचरा, धसकटे बांधावर पडून असतात किंवा जाळली जातात. मग थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करायचे?

त्यांनी जमिनीवर विटांचे एक टाके बांधले. ते सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. गंमत अशी, की त्याच्या भिंतींत मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात. टाक्यात प्रथम काडीकचऱ्याचा सुमारे ६ इंचांचा थर देतात. त्यावर पाण्यात कालवलेले थोडे शेण शिंपडतात. त्यावर चाळलेली कोरडी माती पसरतात. पुन्हा कचरा, पुन्हा शेणकाला, पुन्हा माती. असे थर टाके भरेपर्यंत देतात. मग वरून माती टाकून शेणाने लिंपतात. काही दिवसांनी कचरा खाली बसतो. तेव्हा पुन्हा थर देऊन टाके भरतात. ओल टिकावी म्हणून अधूनमधून पाणी शिंपडतात. तीन ते चार महिन्यांत काळसर तपकिरी, भुसभुशीत खत तयार होते. त्याला घाण येत नाही. पहिल्या पावसानंतर मातीला येतो, तसा वास येतो. सुमारे १०० किलो शेणात असे जवळजवळ ३ टन खत मिळते.

हे कसे घडते? कचरा कुजवण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव करतात. त्यांना तीन गोष्टी हव्यात : अन्न, ओलावा आणि हवा. कचरा हे त्यांचे अन्न. शिंपडलेले पाणी हा ओलावा. भिंतींतील छिद्रांतून हवा मिळते. शेणामुळे हे जीव कचऱ्यात येतात आणि वाढतात. माती खतातील कस धरून ठेवते. उघड्या उकिरड्यावर ऊन लागून कचरा सुकतो आणि पावसाने त्यातील कस वाहून जातो. कोंदट ढिगात हवा मिळत नाही, म्हणून तो सडतो आणि त्याला दुर्गंधी येते. कचरा तोच, पण एका ठिकाणी घाण होते आणि दुसऱ्या ठिकाणी खत!

तुमच्या घरी १० फुटांचे टाके बांधायला जागा नसेल. हरकत नाही. एक जुने मडके किंवा पिंप घ्या. त्याला छिद्रे पाडा. तळाशी वाळलेली पाने घाला. रोजचा ओला कचरा टाका आणि त्यावर मूठभर माती व कोरडी पाने पसरा. फार कोरडे वाटले, तर पाणी शिंपडा. फार ओले झाले, तर कोरडी पाने वाढवा. तीन-चार महिन्यांनी तुमच्या गुलाबाला, कढीपत्त्याला, लिंबाच्या झाडाला घरचे खत मिळेल.

या खताचा पाण्याशीही संबंध आहे. कुजलेल्या पालापाचोळ्याने भरलेली माती पाणी शोषून धरून ठेवते. उघडी, कसहीन माती मात्र पावसाबरोबर वाहून जाते. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी सुभाष शर्मा यांनी हे आपल्या शेतात करून दाखवले. रासायनिक खते आणि कीटकनाशके यांचा खर्च वाढत गेला, पण जमिनीचा कस कमी होत गेला, असा त्यांचा अनुभव होता. १९९४ पासून त्यांनी ती सोडली आणि नैसर्गिक शेतीचा मार्ग धरला. गाय, झाडे, पक्षी आणि जिवंत माती यांच्या मदतीने ते शेती करू लागले. त्यांना २०२५ साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

तिसरे पान कापडाचे आणि प्लॅस्टिकचे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही आपण बाजारात रिकाम्या हाताने जातो आणि पिशवी मागतो. ती पिशवी घरापर्यंत दहा मिनिटे वापरली जाते. पुढे ती वर्षानुवर्षे कुजत नाही. ती नाल्यात अडकते, गाईच्या पोटात जाते. जाळली, तर तिचा विषारी धूर आपल्याच छातीत जातो. म्हणून प्लॅस्टिक कधीही जाळू नका.

यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जीन्सचे कापड तयार करणारा मोठा कारखाना उभा राहिला. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या आपण प्लॅस्टिकची पिशवी मागावी, हे बरे दिसते का? आखूड झालेल्या जीन्सचा एक पाय कापा, खालची बाजू शिवा आणि वर दोन बंद लावा. पाच किलो ज्वारीलाही न फाटणारी पिशवी तयार! ती घडी करून दप्तरात ठेवा.

चौथे पान विजेचे. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. त्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर तेवढ्याच वेळात दीड युनिटही लागत नाही. आपल्या राज्यातील बरीचशी वीज दगडी कोळसा जाळून तयार होते. यवतमाळ जिल्ह्यातच वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत. तो कोळसा तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली. आपण तो क्षणात जाळतो. त्याच्या धुराने हवा बिघडते आणि पृथ्वीची उष्णता वाढते. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायला मात्र एक सेकंद लागतो.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ‘आम्ही एवढेसे. आमच्या एका बादलीने काय होणार? कारखाने आणि मोठी शहरे किती पाणी वापरतात!’ तुमचे म्हणणे अगदीच चूक नाही. मोठ्यांनी मोठा हिशेब द्यायलाच हवा. पण हिशेब मागायचा, तर आपली वही आधी स्वच्छ हवी.

आणि ही काटकसर काही नवी नाही. तुमच्या आजीला विचारा. जुन्या लुगड्यांची आणि ओढण्यांची गोधडी होत असे. पिंजारी गादीतला जुना कापूस पिंजून गादी पुन्हा नवी करीत. कल्हईवाले तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवी चमक देत. कबाडी घरोघर फिरून रद्दी, लोखंड आणि बाटल्या नेत. तुमच्यापैकी काहींच्या घरी यांतला एखादा व्यवसाय आजही चालत असेल. या कामांना हलके समजू नका. ‘टाकाऊ’ आणि ‘टिकाऊ’ यांत एकाच मात्रेचा फरक नाही, कष्टाचा फरक आहे. तो फरक या माणसांनी आपल्या हातांनी मिटवला.

तेव्हा आजच एक वही घ्या. चार पाने पाडा : पाणी, कचरा, पिशवी, वीज. आठ दिवस रोज रात्री फक्त दोन ओळी लिहा. काय वाया गेले आणि काय वाचवले. आठव्या दिवशी ती वही घरात सर्वांना वाचून दाखवा. कोणाला रागावू नका, फक्त आकडे वाचा. आकडे स्वतःच बोलतील.

पुन्हा कधी पाऊस कमी पडेल. जलाशयाचा तळ दिसू लागेल. त्या दिवशी तुमच्या गल्लीतील एखाद्या घरात पाण्याचे पिंप भरलेले असेल आणि ते घर शेजाऱ्याला एक हंडा देऊ शकेल. ते घर तुमचे असावे.

शब्दार्थ

काटकसर – किफायत, जपून वापरणे
टंचाई – कमतरता, किल्लत
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
बदना – तोटी असलेला तांब्या, बधना
पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी, परनाळा
जलसंधारण – पाणी अडवून साठवणे व जमिनीत मुरवणे
धसकटे – पीक कापल्यावर शेतात उरलेले बुंधे
कस – जमिनीची सुपीकता, जरखेजी
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा, घूरा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) यवतमाळ शहराला पाणी देणाऱ्या दोन जलाशयांची नावे कोणती?
(आ) जलसंधारण दिन कधी पाळला जातो?
(इ) नाडेप टाक्याच्या भिंतींत छिद्रे का ठेवतात?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) २०१८ सालच्या उन्हाळ्यात यवतमाळच्या लोकांचे कसे हाल झाले?
(आ) खत आणि पाणी यांचा काय संबंध आहे?
(इ) ‘हिशेब मागायचा, तर आपली वही आधी स्वच्छ हवी’, असे लेखक का म्हणतात?

प्र. ३. गणित करा.
तुमच्या वर्गाच्या छपराची लांबी व रुंदी मीटरमध्ये मोजा. ९०० मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल?

प्र. ४. विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा.
जमा, ओला, टिकाऊ, काटकसर

प्र. ५. खालील म्हणीचा अर्थ सांगून ती वाक्यात वापरा.
थेंबे थेंबे तळे साचे

उपक्रम : जुन्या कापडाची एक पिशवी शिवा. ती वर्गात आणा आणि ती कशी तयार केली, हे मराठीत पाच वाक्यांत सांगा.